धर्मग्रामाने मोर्चाला जावं की आराधनेला?

नाशिकरोडकर
नाशिकच्या तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडायला २०२५ च्या अखेरीस शहरातून विरोध झाला, तेव्हा आमच्या युवा ग्रुपवर एकाच संध्याकाळी दोन मेसेज पडले. एक : रविवारी सकाळी तपोवनात जमायचं, फ्लेक्स तयार आहे. फ्लेक्सवर धर्मग्रामाचं, म्हणजे आमच्या चर्चच्या कॅथलिक समाजाचं नाव. दुसरा : त्याच वेळेला चर्चमध्ये आराधना, म्हणजे वेदीवरच्या पवित्र भाकरीपुढची प्रार्थना. आराधनेला म्हातारी माणसं सोडली तर कोणी फिरकलं नाही. वर एकाने लिहिलं, "झाडं वाचवणं हीच प्रार्थना." माझं भांडण या वाक्याशी आहे.

झाडं वाचलीच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण ते काम तर कुठलीही संस्था करते, मग चर्च कशाला? पोप फ्रान्सिसना सगळे पुरोगामी म्हणतात ना? त्यांनीच निवडीच्या दुसऱ्या दिवशी, १४ मार्च २०१३ च्या प्रवचनात बजावलं होतं की आपण ख्रिस्ताला कबूल केलं नाही तर दानधर्म करणारी एनजीओ होऊ, चर्च राहणार नाही. ते कोणी फॉरवर्ड करत नाही. आमच्याकडे कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला रांग उरलेली नाही. शुक्रवारी मांस टाळायचं असतं, तरी मटण शिजतं. उपासनेतल्या पवित्र भाकरीला आपण ख्रिस्तशरीर मानतो; ते म्हणजे काय, असं पोरांना विचारलं तर "सिम्बॉल" म्हणतात. आणि गर्भपाताचा विषय काढला की सगळ्यांची दातखीळ बसते. कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांवर गेली, ग्रुपवर चकार शब्द नाही. झाडांना फ्लेक्स आहे, पोटातल्या जिवाला नाही.

मोकळेपणाने बोला. फक्त फादरांची नावं घेऊ नका.

देवळालीची मावशी
आराधना दर वेळी संध्याकाळी असते. त्या रविवारीच सकाळी कोणी आणली, ते आधी सांगा.

मिस्सल१९६२
दादांशी शंभर टक्के सहमत. माझं वय २३. मी लहानपणापासून गिटारवाली मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बघितली, काही वाटलं नाही. यूट्यूबवर लॅटिन मिस्सा बघितली तेव्हा पहिल्यांदा कळलं की समोर बलिदान चाललंय. पोप बेनेडिक्ट सोळाव्यांनी २००७ मध्ये जुन्या लॅटिन मिस्सेचं दार उघडलं, १६ जुलै २०२१ ला फ्रान्सिसनी जवळपास लावून घेतलं. विश्वास उपासनेतून येतो. घोषणांनी फक्त घसा बसतो.

वसईकर, सध्या नाशकात
बाळा, तुझी परंपरा अमेरिकेतून डाउनलोड झालेली दिसते. आपल्या मातीतली बघ की. १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्येच होती, पण येशूची कथा लोकांना कळावी म्हणून जेझुइट संघाच्या त्या इंग्रज धर्मगुरूने मराठीत ओव्या रचल्या. आणि आमचे फादर दिब्रिटो. हरित वसईसाठी बिल्डरांशी उभा दावा मांडणारा माणूस तोच आणि बायबल सुबोध मराठीत आणणाराही तोच. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, शेवटपर्यंत धर्मगुरूच राहिले. त्यांना कोणी विचारलं नाही, आधी आराधना की आधी मोर्चा.

अजून एक. १८९१ मध्ये पोप लिओ तेराव्यांनी कामगारांवर पत्र काढलं. कामगाराचं घर चालेल एवढी मजुरी द्या, त्यांना संघटना करू द्या. हे पोप लॅटिन मिस्साच करायचे. इथल्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांबद्दल तुम्हा लॅटिनवाल्यांचं काय मत आहे?

नाशिकरोडकर
दिब्रिटोंबद्दल आदरच आहे. पण ते धर्मगुरू राहून लढले. आमची पोरं मिस्सेच्या बदल्यात लढतात. फरक आहे की नाही?

पेठरोड
फरक तुम्हाला दिसतो, कारण तुम्हाला मोर्चाची गरज नाही. माझा चुलतभाऊ बौद्ध, मी कॅथलिक. आमचे खापरपणजोबा एकच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीतून आम्ही दलित ख्रिस्ती बाहेर. पुढे १९५६ ला शीख आत घेतले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. देवळाली मतदारसंघ राखीव आहे. चुलतभाऊ उभा राहू शकतो, मी नाही. गावात कोणी जातीवरून शिवी घातली तर त्याला अ‍ॅट्रॉसिटी लावता येते, मला नाही. शिवी मात्र दोघांना एकच पडते. याच शहरात २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. आम्ही यासाठी रस्त्यावर आलो की ते राजकारण, आणि तुम्ही गर्भपातावर बोललात की ती श्रद्धा?

जपमाळ माझ्याही खिशात असते, साहेब.

गंगापूर रोड
गर्भपाताचं निघालंच आहे तर बोलते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यासाठी रान उठवलं ते महिला संघटनांनी, ज्यांना आपण "फेमिनिस्ट" म्हणून नाकं मुरडतो. मुलगी म्हणून पोटातच मारली जाणारी पोर त्यांनी वाचवायला घेतली. मीही गर्भपाताच्या विरोधात आहे, चर्चची शिकवण मला मान्य आहे. पण लग्नाआधी दिवस गेलेली पोरगी उद्या आपल्या दारात आली, तर तिला खोली देणारं घर धर्मग्रामात आहे का? आई-बापच आधी तोंड लपवतात, आणि शेजारपाजारचे बघत बसतात. आधी ते घर काढा, मग फ्लेक्स छापा. मी स्वयंपाकाला येते.

जुना नाशिककर
कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. विषय कुंभाचा आहे. फ्लेक्सवर चर्चचं नाव दिसलं की उद्या बोंब उठेल, ख्रिश्चन कुंभाला विरोध करतात. आधीच प्रार्थनासभांवर धर्मांतराचे आरोप होतात. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला हिंदू नवस फेडायला येतात, ते नातं जपा. झाडांसाठी जायचं तर नाशिककर म्हणून जा.

पेठरोड
घाबरून किती दिवस? आदिवासींसाठी लढणारे फादर स्टॅन स्वामी ८४ व्या वर्षी जामिनाची वाट बघत ५ जुलै २०२१ ला गेले. तेही गप्प बसू शकले असते.

जुना नाशिककर
ते एकटे होते, मागे बायकापोरं नव्हती. माझ्या मागे आहेत. संत व्हायची सक्ती करू नका.

मिस्सल१९६२
वसईकर काका, सातपूर-अंबडचं विचारलंत म्हणून. माझे पप्पा अंबडला कंत्राटावर आहेत. रविवारची शिफ्ट लागली की मिस्सा बुडते, नाही गेले तर खाडा. त्यावर मोर्चा निघाला तर मी येईन.

पेठरोड
निघेल ना. पण तिथे लाल बावटे असतील. चालेल?

मिस्सल१९६२
लाल बावट्याखाली नाही. काकांनी सांगितलेल्या त्याच पत्रात लिओ तेराव्यांनी समाजवादाला साफ नकार दिलाय, ते वाचा. कामगारांनी आपली संघटना काढावी, हे त्यातच आहे. ती आपल्यातून कोण काढतंय, सांगा. नाव द्यायला मी तयार आहे.