मोठी काचपेटी, हर्मिट क्रॅब आणि मुंबईचा हिवाळा: ऊब द्यावी की देऊ नये?

मुलुंडकर

आमच्या घरी जमिनीवर राहणाऱ्या जातीचे सहा हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, आहेत. त्यांची काचपेटी ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे, आणि तळाशी वाळू व नारळाच्या काथ्याचा भुसा यांचा ८ इंचांचा ओलसर थर आहे. एवढ्या मोठ्या पेटीला मुंबईतसुद्धा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ऊब द्यावीच लागते, असे माझे ठाम मत आहे. ‘मुंबईत कुठे थंडी असते?’ असे विचारणाऱ्यांनी एकदा पहाटे चार वाजता पेटीतला तापमापक पाहावा. सांताक्रूझला जानेवारीतले सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असते. कुलाब्याला समुद्रामुळे ते थोडे अधिक राहते, तर आमच्या मुलुंडला डोंगराकडचा गारवा रात्री थेट घरात शिरतो. या खेकड्यांना साधारण २४ ते २९ अंश तापमान आणि ७५ ते ८५ टक्के आर्द्रता लागते. ते हवेतच श्वास घेतात, परंतु बदललेल्या कल्ल्यांनी, आणि ते कल्ले ओले राहिले तरच त्यांना श्वास घेता येतो.

ऊब कोठून द्यावी, याविषयीही मला सांगायचे आहे. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या सल्ल्यावरून मी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, पेटीच्या खाली लावली. वरच्या हवेत काहीच फरक पडला नाही, तळाची वाळू मात्र तापत गेली. खेकड्याला उष्मा झाला की तो गारव्यासाठी खाली उकरत जातो. आमच्या पेटीत खाली जाणे म्हणजे तव्याजवळ जाणे होते. कात टाकण्यासाठी पुरून बसलेला आमचा सर्वांत मोठा खेकडा त्यात गेला, आणि ती चूक मला अजून विसरता आलेली नाही. आता मॅट मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर, थर्मोस्टॅटसह (तापमान पाहून मॅट आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रासह) लावलेली आहे.

गिरगावकर

मुलुंडकरांना झालेले दुःख मी समजू शकतो, आणि मॅट खाली लावू नये हेही मला पूर्ण मान्य आहे. तरीही मोठ्या पेटीला मुंबईत ऊब हवी हा त्यांचा निष्कर्ष मला उलटा वाटतो, कारण पेटी जितकी मोठी तितकी तिची बाहेरून ऊब घेण्याची गरज कमी होते. त्यांनी दिलेल्या मापांवरून हिशेब केला तर त्यांच्या पेटीत शंभर लिटरहून अधिक ओली वाळू आहे, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास वजन. एवढा साठा चार-पाच तासांच्या गारव्याने थंड होत नाही. तो दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानांच्या मध्यावर स्थिर राहतो. जानेवारीत मुंबईत दुपारी तापमान तीस अंशांच्या वर जाते, तेव्हा हा मध्य २४ अंशांच्या जवळपास येतो, आणि बंद खिडक्यांच्या घरात त्याहूनही थोडा वर. खरी अडचण छोट्या पेटीची आहे, कारण ती हवेबरोबर तापते आणि हवेबरोबर निवते.

दुसरा मुद्दा आर्द्रतेचा. २० अंशांची, ८० टक्के आर्द्रता असलेली हवा नुसती तापवून २७ अंशांवर नेली, तर तिची आर्द्रता साधारण ५२ टक्क्यांवर येते. हवेतली वाफ तेवढीच राहते, पण गरम हवेची वाफ धरण्याची क्षमता वाढते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे मुंबईची हवा आधीच कोरडी असते, तिथे आपण ऊब देऊन ती आणखी कोरडी करतो. शिवाय थर्मोस्टॅटचा स्विच चालू स्थितीत अडकला तर काय? दोन रात्री २१ अंशांत काढलेला खेकडा सुस्त होईल, पण एक दुपार ३५ अंशांत काढलेला खेकडा वाचेलच असे नाही. माझ्याकडे चार खेकडे चार वर्षांपासून ऊब न देता व्यवस्थित आहेत.

मुलुंडकर

वाळूच्या साठ्याविषयीचे आपले गणित मला मान्य आहे, परंतु खेकडा काही चोवीस तास वाळूत नसतो. हा निशाचर प्राणी आहे. अन्न, पाणी, शंख बदलणे, चढणे-उतरणे हे सारे तो रात्री, वाळूच्या वर येऊन करतो, म्हणजे नेमका ज्या वेळी पेटीतली हवा सर्वांत गार असते त्या वेळी. वाळू २४ अंशांवर आणि वरची हवा १९ अंशांवर असेल, तर तो वर येणेच टाळतो. आपण ‘सुस्त होईल’ असे म्हणता. माझी भीती अशी आहे की असा पुरून बसलेला खेकडा कात टाकतो आहे की गारठला आहे, हे आपल्याला ओळखताच येत नाही, कारण कात टाकणाऱ्याला उकरून पाहणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे.

आर्द्रता ५२ टक्क्यांवर येते ती वाफेची भर पडणार नसेल तरच. पेटीला जाळीचे झाकण असेल तर आपला आकडा खरा ठरेल. माझ्या पेटीला काचेचे झाकण आहे आणि आत ओली वाळू, गोड्या पाण्याचे एक व खाऱ्या पाण्याचे एक अशी दोन भांडी आहेत. हवा तापली की त्यांतून वाफ होते आणि हायग्रोमीटरचा (आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राचा) काटा थोड्याच वेळात पुन्हा ८० वर येतो.

अंधेरीची आई

आपण दोघेही जानेवारीविषयी बोलत आहात. आमच्या घरात हा प्रश्न मे महिन्यात उभा राहिला. पेटी मुलाच्या खोलीत आहे, आणि तिथे रात्रभर एसी २३ अंशांवर चालतो. एसी हवा थंडही करतो आणि तिच्यातले पाणीही काढून टाकतो. बाहेरच्या नळीतून रोज किती पाणी ठिबकते ते पाहिले की हे लक्षात येते. बाहेर घामाने जीव नकोसा होत असताना आमची पेटी वर्षातली सर्वांत गार आणि सर्वांत कोरडी रात्र काढत होती. त्यामुळे ऊब हवी की नको याचे उत्तर महिन्यावर किंवा उपनगरावर अवलंबून नसून खोलीवर अवलंबून आहे. आम्ही आधी पेटी दिवाणखान्यात हलवण्याचा विचार केला, पण वाळू भरलेली पेटी चार माणसांनाही उचलता येईना, म्हणून मॅट घ्यावी लागली.

गोराईकर

उबेची चर्चा योग्य आहे, तरी मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. या खेकड्यांची मादी अंडी समुद्रात सोडते आणि पिल्ले आधी समुद्रातच वाढतात, म्हणून विकले जाणारे बहुतेक सर्व खेकडे निसर्गातून पकडलेले असतात, आणि ते तीस वर्षेही जगू शकतात. तेवढी वर्षे पहाटे चारचे तापमान सांभाळणे ज्याला शक्य नाही, त्याने ते घरी आणू नयेत. मुले हाजी अलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांवरून जे शंखातले खेकडे बाटलीत भरून आणतात, ते तर समुद्राच्या पाण्यात राहणारे वेगळे खेकडे आहेत. अशा ओल्या वाळूच्या पेटीत, कितीही ऊब दिली तरी, ते जगणार नाहीत.

गिरगावकर

एसीच्या खोलीविषयी मी माझे मत बदलतो. तिथे ऊब हवीच. जानेवारीविषयी मात्र मी ठाम आहे. ज्यांना मॅट लावायचीच आहे, त्यांनी ती मुद्दाम कमी वॅटची घ्यावी, म्हणजे थर्मोस्टॅट अडकला तरी पेटी खोलीपेक्षा चार-पाच अंशांहून अधिक तापणार नाही, आणि मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत तिची तार भिंतीतून काढून ठेवावी. ३० वॅटची मॅट सलग चालली तरी महिन्याला वीस-बावीस युनिटेच लागतात, त्यामुळे खर्चाचा आक्षेप मी घेत नाही. मुलुंडकर, आपण थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी काडी कोठे ठेवली आहे? ती मॅटजवळच्या काचेला चिकटवलेली असेल, तर ती काचेचे तापमान मोजते आहे, खेकड्याचे नव्हे.

मुलुंडकर

काडी मागच्या काचेलाच चिकटवलेली होती, हे मला मान्य करावे लागेल. आज ती पेटीच्या मध्यावर, खेकडे चालतात त्या उंचीवर आणली आहे, आणि वाळूत ४ इंच खोल दुसरा तापमापक पुरला आहे. पुढचे पंधरा दिवस पहाटे चारचे दोन्ही आकडे मी येथे लिहीन. गिरगावकर, आपणही आपल्या पेटीतले त्याच वेळचे आकडे द्यावेत, झाकण जाळीचे आहे की काचेचे तेही सांगावे. माझ्या पेटीत मॅट बंद असताना वाळूवरची हवा सलग २३ अंशांच्या वर राहिली, तर मी ती काढून ठेवेन.