अँबॅसेडर मार्क टू: टप तीन इंच खाली घ्यायचा आहे, कुठून कापावं?

जालना_मार्कटू

नमस्कार मंडळी. गाडी १९७२ ची अँबॅसेडर मार्क टू, कागद चालू, इंजिन ठीक. टपाच्या (छपराच्या) कडेने पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीत डावीकडे मागे गंज लागून दोन ठिकाणी आरपार भोकं पडलीत, त्यामुळे पत्र्याचं काम तसंही काढायचंच आहे. त्याच वेळी टप तीन इंच खाली घ्यावा, जुन्या अमेरिकन मर्क्युरी गाडीसारखा, असं मनात आहे. इथला डेंटर म्हणतो, "सगळे पिलर (टपाचे खांब) तीन-तीन इंच कापू, टप खाली बसवू, चार दिवसांचं काम." काचवाला मात्र पुढच्या काचेला हात लावायला तयार नाही.

विचारायचं असं: पिलर नेमके कुठे कापायचे? टप लांब करावा लागतो म्हणतात, तो का? काचेचं काय करायचं? गाडी रोज चालवायची नाही, पण जालन्याहून संभाजीनगरपर्यंत नेता आली पाहिजे.

पत्राकाम_वाळूज

चार दिवसांत टप कापून होईल, पण परत जागेवर बसणार नाही.

पुढचा पिलर वर जाताना मागे झुकतो आणि मागचा पुढे झुकतो. म्हणजे टप खालच्या बॉडीपेक्षा लांबीला आखूडच असतो. मधला तीन इंचाचा तुकडा काढून टप सरळ खाली सोडला, की पुढच्या पिलरचं वरचं टोक खालच्या बुंध्याच्या मागे पडतं, आणि मागच्या पिलरचं पुढे. किती पडतं ते कटर हातात घ्यायच्या आधी कागदावर निघतं: जेवढी उंची कापायची, गुणिले झुकावाचा टॅन. समजा पुढचा पिलर ओळंब्यापासून ३५ अंश कललेला आहे, तर ३ × ०.७ = २.१ इंच. मागचा ४५ अंश असेल तर पूर्ण ३ इंच. दोन्ही मिळून टप ५.१ इंच आखूड पडला. तुमच्या गाडीचे अंश तुम्हीच मोजा. मोबाईलमध्ये अंश दाखवणारं ॲप असतं, पण आधी पाण्याच्या नळीने गाडीचे दोन्ही उंबरठे पुढून मागून लेव्हलला आणा, नाहीतर आकडा चुकेल.

रुंदीतही तसंच होतं. पिलर वर जाताना आतही झुकतात. १० अंश आत असतील तर तीन इंचाला प्रत्येक बाजूला चार सुतांहून (सूत म्हणजे एक अष्टमांश इंच) थोडं जास्त, म्हणजे दोन्हीकडचं मिळून साधारण एक इंच. लई जण लांबीचा हिशोब करतात अन् रुंदीचा विसरतात. मग टप ताणून-ताणून जुळवायलेत, आणि दार लागत नाही.

यावर उपाय दोनच. एक म्हणजे टप मधल्या पिलरच्या आसपास आडवा कापायचा, पुढचा भाग पुढे सरकवायचा, मागचा मागे, आणि मध्ये तेवढ्या रुंदीची पट्टी भरायची. रुंदीसाठी लागला तर उभाही कापायचा. दुसरा म्हणजे पिलर बुंध्याशी अर्धवट चिरून टपाकडे कलवायचे. दोन-तीन सुतांचा फरक असेल तर कलवणं बरं. त्याहून जास्त असेल तर टप कापलेलाच चांगला, कारण पिलर जास्त कलवला की काचेची चौकट पिळवटते.

माझं स्पष्ट मत: सगळीकडे सारखे तीन इंच नकोत. अँबॅसेडरचा टप मागे गोल आणि फुगीर आहे. सारखा कापला तर मागचा भाग वर राहिल्यासारखा दिसतो. पुढे २ आणि मागे ३ असा उतार दिला तर रेषा डिकीकडे नीट वाहते, आणि समोरचा रस्ताही दिसतो. गाडीचा अगदी बाजूने, पंधरा-वीस फुटांवरून फोटो काढा, मोठा छापून घ्या आणि कात्रीने टप कापून खाली-पुढे सरकवून बघा. दोन-चार प्रती वाया गेल्या तरी चालतील.

मर्क्युरीचं म्हणाल, तर १९४९ ते ५१ च्या त्या गाड्यांखाली वेगळी चासी होती. टप काढला तरी खालचं अंग सरळ राहायचं. अँबॅसेडर मोनोकोक आहे, म्हणजे बॉडी हीच चासी, टप हाही हाडाचाच भाग. टप सुटला की बॉडी मध्ये बसते आणि दारं अडकतात. म्हणून आधी आतून २५ × २५ × २ मिमीचा चौकोनी पाईप मारायचा: डॅशबोर्डच्या उंचीवर डाव्या-उजव्या पिलरमध्ये आडवा, मधल्या पिलरमध्ये आडवा, आणि प्रत्येक दाराच्या जागेत तिरपा. सगळं कापायच्या रेषेच्या खाली. स्टँड अ‍ॅक्सलखाली लावा, म्हणजे बॉडीवर नेहमीसारखाच भार राहील. दारांच्या चौकटींचे दोन्ही कर्ण मोजून आकडे तिथेच मास्किंग टेपवर लिहून ठेवा. काम चालू असताना रोज मोजायचे. ३ मिमीहून जास्त हलले तर पुढे जाऊ नका.

कापायची जागा: पिलर जिथे सरळ आहे आणि जाडी बदलत नाही तिथेच. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा एकाच रेषेत कधीच कापू नका. दीड इंच वर-खाली ठेवा, म्हणजे जोड एकावर एक येत नाहीत. पोटात २ मिमीची पट्टी वाकवून सरकवा, मग वेल्डिंग. चार इंची ग्राइंडरला १ मिमीची चकती, आणि पहिला काप मापापेक्षा एक सूत कमी. राहिलेलं कानशीने घासून मिळवा, जास्त गेलेलं परत येत नाही.

कापण्याआधी बॅटरी, पेट्रोल टाकी, सिलिंगचं कापड, सीट आणि टपातल्या दिव्याची वायर काढा. काचाही सगळ्या काढा. ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतते आणि निघत नाही.

काचवाला_नांदेड

काचवाला नाही म्हणाला त्याचं कारण बहुतेक हे: पुढची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर जगात कुणीही ती कापू शकत नाही. टोक लागलं की खडीसारखा चुरा. कोपऱ्यावरचा शिक्का वाचा. तो पुसला असेल तर पोलराइज्ड गॉगल घालून तिरकं बघा, टफन्ड काचेत डाग-पट्टे दिसतात. लॅमिनेटेड काच कापता येते: दोन्ही बाजूंनी एकाच रेषेवर काच कापायचा हिरा ओढायचा, दोन्ही थर तोडायचे, मधली प्लॅस्टिकची फिल्म गरम करून ब्लेडने चिरायची, आणि कडा पाण्यात घासायच्या. वाकलेल्या काचेला कोपऱ्यात तडा जायची भीती मोठी, म्हणून एक जास्तीची काच हाताशी असल्याशिवाय सुरू करू नका. शिवाय कापल्यावर कोपऱ्याची गोलाई परत आणावी लागते. ती कमी-जास्त झाली तर रबर तिथेच पाणी सोडतं.

काच अजिबात न कापता निम्मं काम होतं, ते फार कुणी सांगत नाही. काच जास्त कलवायची. समजा काच उभ्या बाजूने १६ इंच आहे आणि ३५ अंशांवर बसली आहे, तर तिची उंची १३.१ इंच भरते. तीच ४५ अंशांवर नेली तर ११.३. म्हणजे १.८ इंच खाली, काच तीच. फक्त तिचं वरचं टोक २.१ इंच मागे जातं, म्हणून टपाचा हिशोब वेगळा होतो आणि पुढच्या दाराची तिकोनी काच नव्या अंशाला करावी लागते. पुढे दोनच इंच घ्यायचे असतील तर माझी पसंती याला.

चौकट पिळली आहे का ते बघायला दोन दोरे घ्या. एक डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात, दुसरा त्याच्या उलट, दोन्ही ताणून. मध्यावर दोरे एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. बोट जाईल एवढी फट असेल किंवा एक दोरा दुसऱ्याला ढकलत असेल, तर चौकट पिळली आहे, आणि त्यात बसवलेली काच पहिल्याच खड्ड्यात तडकते. हे टाका (ठिपक्याएवढं कच्चं वेल्डिंग) मारलेला असतानाच बघा.

बाजूच्या काचा सपाट आहेत का पट्टी लावून बघा. सपाट असतील तर हार्डबोर्डचा साचा करून नव्या करून घ्या. क्रम पक्का ठेवा: कापणं, कडा घासणं, भोकं पाडणं, आणि सगळ्यात शेवटी टफन करणं. इमारतीच्या काचा टफन करून देणारे पुष्कळ आहेत, पण गाडीच्या काचेवर आयएस २५५३ भाग २ चा शिक्का लागतो. मागणी देतानाच विचारा.

जुनी_चाकं_लातूर

पत्र्याचं आणि काचेचं सगळं बरोबर आहे. पण दादा, चालू कागदाची १९७२ ची गाडी कापू नका, एवढी कळकळीची विनंती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टप हा लपवता येणारा बदल नाही. नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी आरटीओत उभी करावी लागते, तिथेच अडकेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमच्या गाडीला ५० वर्षं उलटून गेली, म्हणजे ती २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीला पात्र ठरू शकते. नंबर प्लेटवर 'व्हीए', शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चासीत, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. पिलरवर पहिली चकती फिरली की ती वाट कायमची बंद. अशी गाडी परत घडत नाही.

गाडी खाली बसलेली दिसावी एवढंच हवं असेल, तर परत मूळ जागी आणता येईल असं करा. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) आहेत, त्यांचं सेटिंग थोडं उतरवता येतं. मागे पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) अ‍ॅक्सलच्या खालून जात असेल तर मध्ये दीड इंचाचा ठोकळा आणि लांब यू-बोल्ट, बॉडी दीड इंच खाली. पाटा वरून जात असेल तर ठोकळ्याने उलट उंच होईल, आधी खाली वाकून बघा. आणि टप कापायचाच असेल तर नोंदणी रीतसर रद्द झालेला भंगारातला सांगाडा घ्या. तो रस्त्यावर येणार नाही, खासगी आवारात मांडायचा. त्यावर तुमचा चासी नंबर चढवायचा विचारही करू नका.

जालना_मार्कटू

व्हीए नोंदणीची अट खरंच माहीत नव्हती. या गाडीचा टप कापत नाही, ठरलं. पन्हळीचं ठिगळ तेवढं मारून घेतो. भंगारातल्या सांगाड्यावर करायचं झालं तर दारांच्या वरच्या चौकटी कधी कापायच्या, टपाच्या आधी की नंतर? आणि वेल्डिंग कोणतं?

पत्राकाम_वाळूज

नंतर. टप टाक्यांवर उभा राहिला की दारं बंद करून नव्या चौकटीवर रेष मारायची. आधी कापलेली दारं हमखास चुकतात. काचेची उंची कमी झाली की वर-खाली करणाऱ्या यंत्राला खाली रबरी अडसर लावा, नाहीतर काच पूर्ण उतरवल्यावर कमरेच्या पट्टीखाली दोन-तीन इंच बुडते आणि रबरात अडकते.

पिलरला मिग (तारेचं वेल्डिंग), ०.८ मिमीची तार, अर्गॉन मिश्र गॅस. टपाच्या आडव्या जोडाला मिग नको. त्याचा मणी कडक होतो, हातोडी-डॉलीने (मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) बसत नाही. तिथे टिग (टंगस्टनच्या टोकाचं वेल्डिंग) किंवा गॅस. वाळूज, चिकलठाण्यात टिगवर पातळ पत्रा जोडणारे कारागीर मिळतात. जालन्यात सळई हवी तेवढी, पण पट्टीसाठी ०.९ ते १ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्राच मागा. जुन्या पत्र्याला मायक्रोमीटर लावून तीच जाडी घ्या. इंच-इंचावर टाका, मग डावीकडे एक, उजवीकडे एक, हात लावून गार झाला की पुढचा. सलग ओढलात तर टप पोटात जातो आणि दाबल्यावर डब्यासारखा टकटक वाजतो. तो वाजणारा पत्रा लांबीने (पुट्टीने) भरून निघत नाही. लांबी ३ मिमीच्या वर नकोच. आपल्याकडच्या मे महिन्यात टप तापतो-निवतो आणि जाड लांबी कडेने सुटते.

पिलरच्या पोटात वेल्डिंगआधी जस्ताचा प्रायमर, नंतर मेण, आणि तळाला पाणी निघायला ६ मिमीचं भोक. पन्हळ जोडल्यावर रंगाआधी नळी लावून अर्धा तास पाणी सोडा, आतून माणूस बसवून बॅटरीने प्रत्येक कोपरा बघायला सांगा. तुमच्या चालू गाडीच्या ठिगळालाही हीच परीक्षा. गंज डावीकडे दिसला म्हणून उजवी पन्हळ चांगली असेल असं धरू नका, टोच्याने टोचून बघा.