धोट्याचा खंड्या: बिडाच्या चाकावर पाय कसे उभे करू?

सूतगिरण (इचलकरंजी):
वडिलांचे साधे माग भंगारात गेले तेव्हा काही भाग मी हट्टाने काढून ठेवले. धोटे (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारे लाकडी तुकडे), सुताच्या कांड्या, बिडाची (ओतीव लोखंडाची) दातेरी चाकं. त्यातून खंड्या करतोय. धोट्याचं पोलादी टोक म्हणजे तयार चोच, कानशीसुद्धा लावावी लागली नाही! पंखांना जुन्या बादलीचा पत्रा, डोळ्याला बेअरिंगचा छरा. अडलंय ते पायांशी. सळई चाकावर उभी करायची आहे, पण ६०१३ च्या (साध्या पोलादासाठीच्या) रॉडने वेल्डिंगचा टाका मारला की थंड होताना 'टिक्' वाजतं आणि शेजारी तडा जातो. चाक बदलायचं नाही. त्याच्या दातांची झीज वडिलांच्या मागावरची आहे.

लोखंडी काम (सांगली):
बिडात कार्बन २ ते ४ टक्के असतो. टाक्याची जागा झटकन थंड झाली की ठिसूळ होते आणि तिथेच फुटते. वेल्डिंगच हवं तर निकेलचा रॉड आणा. चाक आधी सगळीकडून तापवा, टाके इंचाच्या आतले ठेवा, प्रत्येक टाका गरम असतानाच हलके ठोका, मग चाक कोरड्या राखेत पुरून रात्रभर निवू द्या.
मी मात्र वेल्डिंग करणार नाही. बिडात ड्रिल छान चालतं, तेलही लागत नाही. भोक पाडा, सळईला आटे पाडा, वरून-खालून नट आवळा.
आणि बादलीवर जस्ताचा मुलामा असेल तर तिला वेल्डिंग अजिबात नको. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. पंखांना रिव्हेट मारा.

तांबट आळी:
नट झाकू नका. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात सीट सीटच दिसते आणि बैलही दिसतो, सगळी गंमत तिथे आहे. म्हणून खंड्याला निळा रंग देऊ नका, कळकळीने सांगते. रंगाखाली धोटा हरवेल.

सूतगिरण:
ठरलं, नटच. रंगही नाही. धोट्याच्या लाकडाला जवसाचं तेल चालेल?

लोखंडी काम:
चालेल. पातळ हात द्या, वाळला की दुसरा. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.