किट लेन्सवरच थांबायचं असेल, तर कॉम्पॅक्ट कशाला सोडायचा?

प्रकाशमापक
‘एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट आहे, आता मिररलेस (लेन्स बदलता येणारा) घेऊ का?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं: घ्या, सेन्सर मोठा आहे. सेन्सर मोठा असतोच. एक इंची म्हणजे प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिमी. बऱ्याच मिररलेसमधला एपीएस-सी सेन्सर सुमारे ३६७. तिपटीहून थोडं जास्त, म्हणजे दीड स्टॉपच्या वर फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

पण हा फायदा किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स, गिळून टाकते. सोनी आरएक्स१०० मार्क ३ ची लेन्स २४-७० (फुलफ्रेमच्या मापात) एफ/१.८ ते २.८ आहे (एफ-आकडा लहान तितका प्रकाश जास्त). त्याच कंपनीची १६-५० किट लेन्स एफ/३.५ ते ५.६. शाळेच्या गॅदरिंगला पूर्ण झूम करून शटर १/२५० सेकंदावर ठेवलंत आणि किट लेन्सला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागला, तर कॉम्पॅक्ट १६०० वर काम भागवतो. एक इंची सेन्सरचा १६०० आणि एपीएस-सीचा साधारण ५०००, यांचा नॉइज (फोटोतले दाणे) सारखाच दिसतो. म्हणजे दुप्पट पैसे आणि दुप्पट वजन देऊन फोटो तसाच, झालाच तर थोडा वाईट.

म्हणून माझं मत: दुसरी लेन्स घेणार नसाल तर कॉम्पॅक्ट सोडू नका.

घाटवाट
हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. तुम्ही फक्त प्रकाश मोजलात. गॅदरिंगचे फोटो बिघडतात ते नॉइजपेक्षा फोकस चुकल्यामुळे. मार्क ३ मध्ये कॉन्ट्रास्ट डिटेक्ट फोकस आहे: लेन्स पुढेमागे हलवून तो सर्वात ठळक जागा शोधतो. लाल-निळ्या दिव्यांत, धुरात तो शोधतच राहतो आणि तेवढ्यात गिरकी संपते. सोनीच्या ए६४०० या मिररलेसमध्ये ४२५ फेज डिटेक्ट बिंदू आहेत: लेन्स कुठल्या दिशेने किती हलवायची ते थेट कळतं, डोळा पकडून धरतो. हे किट लेन्सवरही मिळतं.

शिवाय हॉट शू, म्हणजे वेगळा फ्लॅश बसवायची खाच. मार्क ३ ला तो नाही. घरातल्या बारशाला फ्लॅश छताकडे वळवून मारला की चेहऱ्यावरचा प्रकाश एकदम मऊ होतो आणि मागच्या भिंतीवरची काळी सावली जाते. छत पांढरं आणि नऊ-दहा फुटांवर हवं, एवढीच अट. हिरव्या छताखाली सगळे आजारी दिसतील.

प्रकाशमापक
@घाटवाट, फोकसचा मुद्दा मान्य. फ्लॅशचा मात्र अर्धाच. कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्सच्या आतच असल्याने फ्लॅश १/२००० पर्यंत जुळतो. ए६४०० ला मर्यादा १/१६० ची. दुपारी बाराच्या उन्हात, डोळ्यांखाली काळे खड्डे पडलेले चेहरे उजळायचे असतील, तर १/१६० वर एफ/११-१३ पर्यंत जावं लागतं आणि छोट्या फ्लॅशचा जोर तिथे पुरत नाही. कॉम्पॅक्ट १/१००० आणि एफ/५ वर ते सहज करतो. हाय स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरला फ्लॅश जुळवायची सोय) वापरता येतं, पण त्यात फ्लॅशची ताकद आणखी घटते.

रानजाई
कासच्या पठारावरची फुलं हा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते. सीतेची आसवे जेमतेम सेंटिमीटरभर. तिथे ‘मोठा सेन्सर चांगला’ हा नियम उलटा होतो. एकाच एफ-आकड्यावर, एकाच चौकटीत लहान सेन्सर जास्त खोली फोकसमध्ये ठेवतो. कॉम्पॅक्ट वाइडला पाच सेंटिमीटरवर फोकस करतो, किट लेन्सला साधारण पाव मीटर अंतर हवं. अडचण एकच: पाच सेंटिमीटरवर लेन्सचीच सावली फुलावर पडते, तेव्हा सूर्य बाजूला ठेवा. आणि खडकाच्या वाटेवरूनच टिपा, आत पाय टाकू नका. पुढच्या वर्षी उगवायचं बी त्याच मातीत असतं.

खरं मॅक्रो हवं असेल तर मात्र १:१ ची (सेन्सरवर वस्तूएवढीच प्रतिमा देणारी) वेगळी लेन्सच लागते. तिथे कॉम्पॅक्ट संपतो.

भिगवणचा धोबी
पक्ष्यांसाठी मिररलेसच हवा, हेही सरसकट सांगितलं जातं. सोनीची ५५-२१० झूम लेन्स घेतलीत तर फुलफ्रेमच्या मापात ३१५ मिमीची पोच. उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा मावेल, खंड्या ठिपकाच राहील. त्यापेक्षा सोनीचा आरएक्स१० मार्क ४ बघा: त्याच एक इंची सेन्सरवर २४-६००, एफ/२.४ ते ४, वजन १०९५ ग्रॅम, आणि फेज डिटेक्ट आहे. एपीएस-सीवर ६०० पर्यंत जायला १००-४०० लागते. सिग्माची घेतली तरी नुसती लेन्स अकराशे ग्रॅमच्या वर, बॉडी वेगळी. टोकाला एफ/६.३. गुणाकार केलात तर मोठ्या सेन्सरचा फायदा जेमतेम एक तृतीयांश स्टॉपचा.

ओलसर भिंत
एक गोष्ट सगळे सोडताहेत: कोकणातला पावसाळा. लेन्स जितक्या जास्त, तितकी बुरशीला घरं जास्त. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर महिनोन् महिने राहिली आणि लेन्स चामड्याच्या पिशवीत पडून असली, की आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटं हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० च्या मध्ये. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं.

त्यात लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ. ज्यांना हे सांभाळायचं नाही त्यांनी कॉम्पॅक्टच ठेवावा.

घाटवाट
@ओलसर भिंत, डब्याचा सल्ला सोन्यासारखा, पण बंद कॅमेऱ्यात धूळ जात नाही हा गैरसमज आहे. कॉम्पॅक्टची नळी बाहेर येताना पंपासारखी हवा ओढते. खिशातला कापसाचा बारीक धागासुद्धा आत जातो आणि मग तो काढायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. मिररलेसचा सेन्सर हाताशी असतो. एफ/१६ वर आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर माउंट खाली धरून रबरी ब्लोअर मारा. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचा डाग धुळीपेक्षा चिवट. बदलताना कॅमेरा बंद, तोंड जमिनीकडे, दुसरी लेन्स आधीच हातात.

आणि @प्रकाशमापक, तुमचाच हिशेब पुढे नेतो. त्याच रंगमंचावर एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावली की ६४०० चा आयएसओ साधारण ६४० वर येतो. सोनीची ३५ मिमी एफ/१.८ सुमारे १५५ ग्रॅमची आहे. ही उडी एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट मारू शकत नाही. आज किट लेन्स घेणाऱ्याला ती वाट उघडी राहते.

प्रकाशमापक
वाट उघडी राहते, पण बरेच जण त्या वाटेने जातच नाहीत, हीच माझी तक्रार. म्हणून सांगतो, पैसे बॉडीवर संपवू नका. नुसती बॉडी घ्या, किट लेन्स सोडून द्या आणि पहिल्याच दिवशी प्राइम लावा. कुठली, ते गेल्या वर्षभराचे फोटो संगणकावर फोकल लेंग्थनुसार (फुलफ्रेमच्या मापात) लावून बघा. बहुतेक २४ च्या आसपास असतील तर ३५ ची प्राइम अरुंद पडेल, १६ च्या जवळची बघा. बहुतेक ५०-७० ला असतील तर ३५ (म्हणजे ५२) किंवा ५० (म्हणजे ७५). सगळीकडे विखुरलेले असतील तर तुम्हाला झूमच हवा आहे, आणि तो चांगला झूम तुमच्या खिशात आधीच आहे.

रानजाई
जुनी लेन्स घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीवर किंवा एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या झेड मिररलेस बॉडीवर त्या हातानेच फोकस कराव्या लागतात. स्वस्त मिळाली म्हणून घेण्याआधी मागून टॉर्च मारून काचेत धागे आहेत का तेही बघून घ्या.