मदत हवी आहे: मटमध्ये एका फोल्डरची सेटिंग दुसऱ्याला लागते

टर्मिनलवाला:
मट (टर्मिनलमध्ये चालणारा मेल प्रोग्रॅम) वापरतोय. मेलिंग लिस्टच्या फोल्डरला थ्रेड (एका चर्चेच्या मेल एकत्र) हवेत, इनबॉक्समध्ये नवी मेल वर हवी. लिस्टसाठी फोल्डर-हुक (फोल्डर उघडताच आपोआप चालणारी सेटिंगची ओळ) टाकला, तो चालतो. पण तिथून इनबॉक्सला परत आलं की इनबॉक्सही थ्रेडमध्येच! बंद करून उघडलं की ठीक. शिवाय सेंटमध्ये प्रत्येक ओळीत माझंच नाव. आज रात्रीच लावून टाकायचंय, प्लीज लवकर सांगा.

निशाचर:
मट की निओमट (मटपासूनच निघालेला प्रोग्रॅम)? मेल आयमॅपवर (सर्व्हरवरच) की मेलडिरमध्ये (स्वतःच्या डिस्कवर)? मटआरसीतल्या (मटच्या सेटिंगच्या फाइलीतल्या) ओळी टाका, त्याशिवाय काय सांगणार?

जुनापुराणा:
एवढा खटाटोप कशाला? मटऐवजी अल्पाइन हा मेल प्रोग्रॅम घ्या. सेटअप, मग रूल्स, मग अदर. फोल्डरनिहाय सॉर्ट आणि इंडेक्स फॉरमॅट दोन्ही मेनूतून होतं. पाइन (अल्पाइनच्या आधीचा प्रोग्रॅम) असल्यापासून वापरतोय, फाइल उघडायची वेळ येत नाही.

टर्मिनलवाला:
अल्पाइन नकोय. साधं मट, आयमॅप. ओळी या:
सेट सॉर्ट=रिव्हर्स-डेट
फोल्डर-हुक लिस्ट्स 'सेट सॉर्ट=थ्रेड्स'
पहिली ओळ इनबॉक्सला का लागत नाही?

खटपट्या:
ती ओळ मट सुरू होताना एकदाच वाचली जाते. हुकने बदललेलं फोल्डर सोडताना पूर्ववत होत नाही. सगळ्या फोल्डरना जुळणारा हुक टाका (टिंब म्हणजे कुठलंही फोल्डर):
फोल्डर-हुक . 'सेट सॉर्ट=रिव्हर्स-डेट'
फाइलच्या शेवटी टाका, म्हणजे दुसरं काही जुळलं नाही तरच लागेल.

निशाचर:
शेवटी नको! मट पहिल्या जुळलेल्या हुकवर थांबत नाही. जुळतील तेवढे सगळे हुक फाइलीतल्या क्रमाने चालतात. टिंबवाली ओळ शेवटी टाकलीत तर लिस्टचे थ्रेडही जातील. टिंब आधी, लिस्ट नंतर.

खटपट्या:
माझ्याकडे कित्येक वर्षं शेवटीच आहे. काही बिघडलेलं नाही.

निशाचर:
मग तुमचे बाकीचे हुक वेगळं काहीतरी बदलत असतील. एकाच सेटिंगला दोन हुक लागले की नंतरचा टिकतो. मॅन्युअलमध्येही टिंब आधी लिहा असंच सांगितलंय, फोल्डर-हुकचा भाग वाचा.

कोकणी_मासा:
लिस्टच्या मेल आपोआप त्या फोल्डरात जायला सर्व्हरवर सिव्हचा (मेल वेगवेगळ्या फोल्डरात लावायच्या भाषेचा) नियम लावा. त्याच कामाच्या जुन्या प्रॉकमेलच्या नादी लागू नका.

टर्मिनलवाला:
त्या आधीच जातायत हो. सेंटचं सांगा ना कुणीतरी.

निशाचर:
इंडेक्स-फॉरमॅट (मेलच्या यादीतली ओळ कशी दिसावी ती सेटिंग) बदललाय का? त्यात टक्क्यापुढे छोटा एन असेल तर नेहमी पाठवणाऱ्याचंच नाव येणार. त्याजागी कॅपिटल एफ टाका. मेल तुमची असेल तर 'टू' लावून समोरच्याचं नाव येतं. मात्र तुमचे सगळे पत्ते ऑल्टरनेट्समध्ये (स्वतःच्या पत्त्यांच्या यादीत) हवेत, नाहीतर मेल तुमची आहे हे मटला कळणार कसं? मग सेंटला वेगळा हुकही लागत नाही.

खटपट्या:
हुकच लावायचा तर जीमेलवाल्यांनी जपा. फोल्डरचं नाव रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून वाचलं जातं. '[जीमेल]/सेंट' लिहिलं तर चौकटी कंसाचा अर्थ 'यातलं कुठलंही एक अक्षर', आणि ते जुळतच नाही. नुसतं 'सेंट' लिहा.

जुनापुराणा:
मटमध्ये मराठी जोडाक्षरं नीट दिसतात का?

निशाचर:
ते टर्मिनलवर आहे, मटवर नाही. वेगळा धागा काढा.

टर्मिनलवाला:
टिंब वर नेलं, इनबॉक्स आणि लिस्ट दोन्ही बरोबर. कॅपिटल एफही चाललं. धन्यवाद निशाचर. लिस्टच्या फोल्डरात असताना फ्रॉम पत्ता वेगळा ठेवायचा असेल तर?

निशाचर:
त्याच फोल्डरला आणखी एक हुक, 'सेट फ्रॉम=' पुढे पत्ता. आणि नेहमीच्या पत्त्याचा टिंबवाला हुक त्याच्या वर, नाहीतर इनबॉक्समधून ऑफिसला मेल लिहाल ती लिस्टच्या पत्त्यावरून जाईल.