जुना ट्रॅक्टर घ्यायचाय, आतून खराब असेल तर ओळखायचा कसा?

प्रश्न: निफाडला द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर बघितलाय, ब्लोअर (औषध फवारायचा पंखा) चालवायचाय. रंग नवाकोरा मारलेला, तासमीटर कमी दाखवतोय पण क्लचचं पेडल पार घासलंय. काय काय चेक करू?

उत्तर १: दादा, रंगाला भुलू नका, मीटर बदललेला असू शकतो. मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका, थंड इंजिन हाफ सेल्फमध्ये (स्टार्टर जरासा मारताच) उठतंय का तेच बघायचंय. डिपस्टिक काढा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, हेड गॅस्केट नाहीतर लायनरचं काम निघणार. मग रेस करून ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) बघा, भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

उत्तर २: पीटीओला (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) ब्लोअर जोडून लोडवरच चालवा, नुसता फिरवून काही कळत नाही. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा, लगेच खाली बसला तर हायड्रॉलिकचा खर्च आहे (खाली पाय घालू नका हां). क्लच हाऊसिंगला वेल्डिंग दिसलं की सरळ सोडून द्या.

उत्तर ३: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसीशिवाय (बँकेचा ना-हरकत दाखला) टोकनसुद्धा देऊ नका. चेसिस नंबरवरचा रंग पुसून आरसीशी जुळवा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, उद्या मिस्त्रीला घेऊनच जातो.