शेवंतीला कळीच नाही, आणि मुलं वर्षअखेरीला येताहेत. अजून काही करता येईल का?

मागचं_अंगण (१२ ऑक्टोबर)

नमस्कार. प्रश्न शेवंतीचा आहे, पण आधी थोडं घरचं सांगते, म्हणजे घाई कशाची आहे ते कळेल.

आम्ही दोघंही निवृत्त. मी शाळेत भूगोल शिकवत होते, हे एका कारखान्यात हिशेब बघायचे. बाग पूर्णपणे ह्यांची. शरद लागला की त्यांना बसायला फुरसत नसते. गळलेली पानं गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकायची, कुंड्यांची माती खालीवर करायची, वेली छाटायच्या, बी वाळवून पुड्या बांधायच्या. प्रत्येक पुडीवर झाडाचं नाव आणि साल लिहितात, अक्षर अजून खतावणीतलंच.

यंदा वर्षअखेरच्या सुट्टीत लेक-जावई, नात, मुलगा आणि सून असे सगळे एकदम येणार आहेत. सगळ्यांच्या रजा एकाच आठवड्यात जुळल्या, हे आमच्यासाठी फार मोठं आहे. मी घर आवरायला घेतलंय. गाद्यांना ऊन देऊन झालं, माळ्यावरच्या दुलया खाली आल्या. मागची खोली नातीसाठी रिकामी करायची आहे, पण तिथली ह्यांची अवजारं कुठे हलवायची यावर अजून बोलणी चालू आहेत.

ह्यांनी त्या आठवड्यासाठी एकच गोष्ट मनात धरली आहे. फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंनी पिवळ्या शेवंतीच्या कुंड्या, आणि मुलं आत येतील तेव्हा त्या भरगच्च फुललेल्या. लेकीला शेवंती फार प्रिय. फुलापेक्षाही तिला चुरडलेल्या पानाचा तो उग्र, थोडा कापरासारखा वास आवडतो. लहानपणी वहीत पानं ठेवायची.

आता अडचण. पुढच्या रांगेतल्या कुंड्या हिरव्यागार आहेत, पानं तळहाताएवढी, फुटवेही भरपूर, पण एकाही शेंड्यावर कळी नाही. आणि घरामागे न्हाणीच्या भिंतीलगत ठेवलेल्या कुंड्यांना कळ्या लागल्या आहेत. मोहरीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, हिरव्या, घट्ट. दोन्हीकडच्या काश्या (बुंध्याशी फुटलेले कोंब) एकाच जुन्या झाडाच्या, लागवड एकाच दिवशी, माती एकाच ढिगातली, खत-पाणी सारखं. शेंडे शेवटचे खुडले ते ऑगस्टमध्ये, तेही दोन्हीकडचे. ऊन तर पुढेच जास्त मिळतं.

फरक शोधायला बसलं तर एवढंच दिसतं की यंदा फाटकासमोर रस्त्यावर नवा दिव्याचा खांब आला. पांढरा झगझगीत दिवा आहे, संध्याकाळी लागतो तो उजाडेपर्यंत. ह्यांचं म्हणणं, उजेडाने झाडाला त्रास कसा होईल, उलट बरंच. मला खात्री वाटत नाही. जाणकारांनी सांगावं. हे रोज सकाळी प्रत्येक शेंडा वाकवून बघतात आणि काही न बोलता पुढच्या कुंडीकडे जातात. ते मला बघवत नाही.

कुंडीतली_शेती (१२ ऑक्टोबर)

ताई, पानं तळहाताएवढी म्हणताय म्हणजे नत्र जास्त झालंय. युरिया किंवा ताजं शेणखत घातलं असेल तर झाड नुसतं पाल्यावर जातं. खत बंद करा, पाणी थोडं तोडा, कळी येईल.

मागचं_अंगण (१२ ऑक्टोबर)

धन्यवाद दादा. पण मागच्या कुंड्यांनाही तेच कुजलेलं शेणखत तेवढंच घातलं आहे. ह्यांची वही बघून सांगते आहे, त्यात प्रत्येक वेळची नोंद असते. मग तिकडे कळी कशी आली?

रोपवाटिकावाला (१३ ऑक्टोबर)

काकू, तुमची शंका बरोबर आहे. कारण तो दिवाच.

आमचं घरचं काम शेवंतीचं, त्यामुळे सविस्तर लिहितो. शेवंती ही लहान दिवसाची वनस्पती. रात्र पुरेशी मोठी झाली की शेंड्यातून पान निघायचं थांबतं आणि कळी धरते. उत्तर गोलार्धात २३ सप्टेंबरच्या आसपास दिवस आणि रात्र सारखे होतात आणि तिथून रात्र वाढत जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. शेवंतीला फूल येण्याचा हंगाम तोच. तुमच्या मागच्या कुंड्यांनी रात्र मोजली आणि कळी धरली. पुढच्या कुंड्यांना यंदा रात्र मिळालेलीच नाही. त्यांच्या लेखी अजून उन्हाळ्याचे मोठे दिवस चालू आहेत, म्हणून त्या पानं वाढवताहेत.

आम्ही हेच मुद्दाम करतो. रोपं लहान असताना फूल नको असतं, तेव्हा मध्यरात्री काही तास दिवे लावतो. मोठी रात्र मधेच तोडली की शेवंतीला ती लहान वाटते. दिवे फार प्रखर लागत नाहीत. फूल हवं असलं की दिवे बंद आणि वरून काळं कापड.

साधी परीक्षा सांगतो. रात्री कुंडीपाशी वर्तमानपत्र धरा. मथळे वाचता आले तर तो उजेड शेवंतीला जागं ठेवायला पुरेसा आहे असं समजा. चांदण्याची काळजी करू नका. उजेड लक्समध्ये मोजतात, पौर्णिमेचा उजेड अर्धा लक्सही भरत नाही, त्याने काही होत नाही.

उपाय आहे आणि वेळही आहे. आजपासून रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास झाका, सकाळी आठला उघडा. कापड काळं, दाट विणीचं आणि दुहेरी घ्या. उन्हात डोळ्यासमोर धरल्यावर पलीकडचं काही दिसता कामा नये. ते झाडावर थेट टाकू नका, शेंडे मोडतात. बांबूच्या कामट्या वाकवून कमानी करा, त्यावर कापड. खाली चार बोटं फट ठेवा, पण दिव्याच्या उलट्या बाजूला. आत उष्णता कोंडली तर फूल यायला उशीर होतो. प्लास्टिक अजिबात नको, त्यात दमट होऊन पानांवर डाग पडतात.

तीन ते चार आठवड्यांत कळी दिसेल. लवकर येणाऱ्या जातीला अंधार सुरू झाल्यापासून फूल उघडायला सात-आठ आठवडे लागतात, उशिराच्या जातीला दहा किंवा त्याहून जास्त. तुमच्या मागच्या कुंड्यांना ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कळी दिसते, म्हणजे जात लवकरची असावी. वर्षअखेर गाठता येईल. मात्र कळीला रंग दिसेपर्यंत झाकणं सोडू नका. एखाद्या रात्री राहिलं तर बिघडत नाही, फूल थोडं पुढे जाईल, पण रोज उघड-मीट झाली तर शेंड्याचा गोंधळ उडतो आणि वेड्यावाकड्या कळ्या येतात.

आणि आता शेंडा खुडू नका. कितीही मोह झाला तरी.

वनस्पती_शिक्षक (१३ ऑक्टोबर)

वरचं उत्तर अगदी योग्य आहे. ताई भूगोलाच्या शिक्षिका आहेत म्हणून थोडी भर घालावीशी वाटते.

ऋतू ओळखायला झाडं थंडीपेक्षा दिवस-रात्रीची लांबी वापरतात, हे १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी कृषी खात्यातल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्यांच्यापुढचा प्रश्न तुमच्यासारखाच होता. तंबाखूची एक जात उन्हाळाभर उंच वाढत राही, फूल म्हणून येत नसे. त्यांनी झाडं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली, तेव्हा ती फुलली. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी गोखरूवर (झँथियम हे तण, सराटा नव्हे) प्रयोग करून दाखवलं की झाड खरं तर दिवस नाही, सलग अंधार मोजतं. मोठ्या रात्रीत मधेच थोडा वेळ दिवा लावला तरी फूल येईना. दिवसात मधेच थोडा वेळ अंधार केला, तर मात्र काही फरक पडेना.

पानांत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते तांबडा प्रकाश टिपतं. पांढऱ्या एलईडीतही तांबडा भाग असतोच. काकांचं म्हणणं प्रकाशसंश्लेषणापुरतं खरं आहे, प्रकाश म्हणजे झाडाचं अन्न. पण इथे तोच प्रकाश निरोप्याचंही काम करतो, आणि अवेळी आला की निरोप चुकीचा जातो.

नातवंडांची_आजी (१४ ऑक्टोबर)

मला शेवंतीतलं एवढं कळत नाही, पण तुमचं लिहिणं वाचून राहवलं नाही.

एक म्हणजे, रोज दोन वेळा एवढ्या कुंड्यांवर वाकायचं तर पाठीचा आणि गुडघ्यांचा विचार आधी करा. ओल्या मातीची मोठी कुंडी उचलायच्या भानगडीत काकांना पडू देऊ नका. आमच्याकडे ह्यांना सांगून उपयोग नसतो, म्हणून मी चाकांचं स्टँडच आणून ठेवलं. कुंड्या दोन ओळींत न ठेवता सध्या एकाच ठिकाणी जवळजवळ लावल्या तर एकच मोठं कापड पुरेल आणि दोघांना दोन टोकं धरून सहज टाकता येईल. पायरीपाशी मांडामांड मुलं यायच्या आदल्या दिवशी करा.

दुसरं, नात किती वर्षांची आहे ते लिहिलं नाहीत. लहान असेल तर घर आवरताना बागेकडेही त्या नजरेने बघा. कण्हेर असेल तर तिचा प्रत्येक भाग विषारी, पान-फूल-फांदी सगळंच. कंद वाळत घातले असतील तर ते कांद्यासारखे दिसतात, तेही उचलून ठेवा. फवारणीचं औषध दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवलेलं असतं कित्येक घरांत, ते आधी शोधा. आणि शेवंतीच्या पानांनी काही जणांच्या कातडीला खाज सुटते. लेक लहानपणी हाताळायची म्हणजे तिला चालते, पण नातीच्या बाबतीत एकदा बघून घ्या.

मागचं_अंगण (१४ ऑक्टोबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं वर्तमानपत्र घेऊन फाटकाशी गेलो. मथळेच काय, खालच्या बातमीच्या ओळीही वाचता आल्या. हे बराच वेळ तिथेच उभे राहिले, मग म्हणाले, "म्हणजे बिचारी झोपलीच नाहीत." आज सकाळीच काळं कापड आणलं आहे. मी ते मशीनवर दुहेरी शिवते आहे, कडेला दोरी ओवायला नेफा ठेवून. कामट्या मागच्या खोलीतच सापडल्या, तेवढीच ती रिकामी झाली.

आजी, तुमची सूचना लाखमोलाची. नात चार वर्षांची आहे. कुंपणाच्या कोपऱ्यात कण्हेर आहेच, तिच्याभोवती जाळी लावायचं ठरवलं. औषधाच्या बाटल्या कुलपात गेल्या. कुंड्या एकत्र लावण्याची कल्पनाही ह्यांना पटली.

एक_वाचक (१५ ऑक्टोबर)

खांबाचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना लेखी अर्ज देऊन बघा. दिव्याला घराच्या बाजूने पत्र्याचा आडोसा लावता येतो, रस्त्यावरचा उजेड कमी होत नाही. पुढच्या वर्षी हाच प्रश्न येणार आहे, म्हणून अर्ज आताच द्या. स्वतः शिडी लावून काही करू नका.

मागचं_अंगण (८ नोव्हेंबर)

कळवायला उशीर झाला, पण आनंदाची बातमी आहे. पुढच्या कुंड्यांना कळ्या आल्या!

आधी शेंड्याची पानं लहान-लहान यायला लागली, ते ह्यांनी ओळखलं. मग शेंडा टोकदार असायचा तो चपटा झाला, बटणासारखा. आणि परवा सकाळी कापड काढलं तर पानांच्या बेचक्यात हिरव्या गाठी. भिंग लावून बघितलं तर वरच्या बाजूला एकावर एक खवले बसलेले दिसतात. हे आता शेंडे वाकवून बघतात आणि मला हाक मारून दाखवतात.

अर्ज दिला आहे, उत्तर अजून नाही.

आणखी एक. एक कुंडी मी मुद्दाम न झाकता फाटकाशी ठेवली आहे. ह्यांचा जीव वरखाली होतो आहे, पण मी ठाम आहे. नात आली की तिला दोन्ही शेजारी ठेवून दाखवणार, एक फुललेली आणि एक नुसती हिरवी, आणि विचारणार की सांग बघू हिला फूल का नाही. इतकी वर्षं रात्र लहान-मोठी होते ते फळ्यावर शिकवलं, पृथ्वीगोल फिरवून दाखवलं, पण असं दाखवायला कधी मिळालं नव्हतं.

रोपवाटिकावाले दादा, आता एक विचारायचं होतं. एकेका फांदीला पाच-सहा कळ्या दिसतात. काही काढाव्यात का? आणि कळीवर काळसर बारीक किडे दिसताहेत, मावा असावा.

रोपवाटिकावाला (८ नोव्हेंबर)

फार बरं वाटलं वाचून. मोठं, एकेकटं फूल हवं असेल तर मधली कळी ठेवून बाजूच्या वाटाण्याएवढ्या होण्याआधी खुडा. पण तुम्हाला कुंड्या भरलेल्या हव्या आहेत, तर सगळ्या राहू द्या. उलट वाटलं तर मधलीच तेवढी काढा, म्हणजे बाजूच्या सगळ्या एकदम उघडतील आणि झुपका छान दिसेल.

मावाच आहे तो. आधी सकाळी पाण्याची बारीक धार मारून धुवून काढा, कळीला धक्का न लावता. बहुतेक वेळा दोन-तीन दिवस असं केलं की आटोक्यात येतो. नाहीच गेला तर निंबोळी अर्क फवारा, पण उन्हात नको, आणि कळी उमलायच्या आधीच. नत्राचं खत आता थांबवा. पाणी मुळाशी घाला, वरून नको. धुवायचं असेल तेव्हा सकाळीच, म्हणजे झाकायच्या आत झाड कोरडं होईल.

रंग दिसला की कापड काढून ठेवा आणि इथे कळवा. काकांना नमस्कार सांगा. तुमच्या त्या न झाकलेल्या कुंडीचं नातीने काय उत्तर दिलं तेही लिहा, मला माझ्या मुलाला विचारायचं आहे.